द्राक्षं युरोपला थेट पाठवायचीत. बारा हजार पत्त्यांवर आपोआप ईमेल पाठवणारी सेवा घ्यावी का?

दिंडोरीची_द्राक्षं

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद शंभराच्या वर, त्यातले चाळीसेक जण निर्यातीचा माल काढणारे. बहुतेक थॉमसन, थोडं क्रिमसन. आजवर आम्ही माल निर्यातदाराला बागेवरच देत आलो. दर तो सांगतो, पॅकहाउस त्याचं, पेटीवर नाव त्याचं. व्यवहार चोख आहे, तक्रार नाही. पण युरोपात आमचं नाव कुणाला माहीत असण्याचं कारणच नाही. येत्या हंगामात दोन-तीन कंटेनर तरी स्वतः पाठवायचे असं संचालक मंडळाने ठरवलंय. आयईसी कोड (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक) मिळालाय, अपेडाची (शेतमाल निर्यातीची केंद्राची संस्था) नोंदणी झालीय, मान्यताप्राप्त पॅकहाउस भाड्याने घ्यायचं बोलणं चालू आहे.

अडलंय ते गिऱ्हाइकापाशी. मावसभावाच्या ओळखीतून पुण्यातली एक एजन्सी आली होती. त्यांच्याकडे म्हणे युरोपातल्या १२,००० फळ आयातदारांची यादी आहे. एआय प्रत्येकाची वेबसाइट वाचून त्याच्यासाठी वेगळी मेल लिहिणार, उत्तर आलं नाही तर पाच वेळा आठवण करणार, आपण फक्त आलेल्या उत्तरांना उत्तरं द्यायची. महिन्याला ३०,००० रुपये आणि निदान सहा महिन्यांचा करार.

तरुण संचालकांना हे पटलंय. जुनी माणसं म्हणतात, अशी गिऱ्हाइकं टिकत नसतात. मी हिशोब आणि कागदपत्रं बघते, त्यामुळे पुढच्या बैठकीत मत मलाच मांडायचंय. अशा मेलमधून कुणाला खरा ग्राहक मिळालाय का? आणि मिळत नसेल, तर ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्यावर परदेशातला माणूस विश्वास ठेवणार तरी कशावरून?

मेलसर्व्हर_पुणे

द्राक्षांतलं मला कळत नाही, मी कंपन्यांच्या ईमेलची व्यवस्था बघतो. तेवढ्यापुरतं सांगतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेलचे नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलवर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही हवं, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढून टाकायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. म्हणजे हजारात तीन. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या पत्त्यांसाठी त्याच धर्तीवर नियम लावले. तुम्ही एका दिवसात ५,००० पाठवणार नाही हे खरं, पण लहान पाठवणाऱ्याच्याही तक्रारी मोजल्या जातातच. विकत घेतलेल्या यादीत बंद पडलेले पत्ते भरपूर असतात. शिवाय स्पॅम पाठवणारे ओळखायला मुद्दाम चालू ठेवलेले सापळ्याचे पत्तेही त्यात सापडतात. त्यावर मेल गेली की डोमेनचं नाव खराब.

तुमचं डोमेन एकच असणार. उद्या इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बोटीचे कागद त्यावरूनच जाणार. ते समोरच्याच्या जंक फोल्डरमध्ये पडले आणि बंदरात कंटेनर थांबला तर भुर्दंड कोणावर?

एजन्सी म्हणेल, आपण मिळतंजुळतं दुसरं डोमेन घेऊन त्यावरून पाठवू. कृपया ऐकू नका. एखाद्या अक्षराचा फरक असलेलं डोमेन घ्यायचं आणि 'आमचं बँक खातं बदललंय' अशी मेल टाकायची, ही पैसे लुबाडणाऱ्यांची नेहमीची रीत आहे. युरोपातल्या अकाउंट्सच्या लोकांना असं डोमेन दिसलं की थांबायला शिकवलेलं असतं. पहिल्याच ओळखीला तुम्ही त्या रांगेत उभं राहू नये.

आणि जर्मनीत स्पर्धा कायद्याप्रमाणे आधी संमती घेतल्याशिवाय कंपनीलासुद्धा जाहिरातीची ईमेल पाठवता येत नाही. यादीत जर्मन पत्ते असणारच.

पॅकहाउस_पिंपळगाव

ताई, ते तीस हजार देऊ नका. कारण नीट सांगतो, जरा लांबेल.

मी पिंपळगाव बसवंतकडे एका पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या मालाची तपासणी आणि कागद बघतो. ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची प्लॉटवार नोंद ठेवणारी अपेडाची यंत्रणा, २००६ साली आली, त्याच्या आधीपासून याच कामात आहे. १२,००० हा आकडा वाचला आणि यादी करणाऱ्याला द्राक्षाचा धंदा माहीत नाही हे लक्षात आलं. युरोपात आपला माल सगळ्यात जास्त उतरतो नेदरलँड्सला. तिथून पुढे आजूबाजूच्या देशांत जातो. भारताचा माल दर हंगामात नेमाने घेणारी माणसं आम्हाला नावानिशी माहीत आहेत, आणि ती एकमेकांनाही ओळखतात. बारेंद्रेख्त, मासडाइक, पूल्डाइक या गावांत फळांच्या कंपन्या शेजारीशेजारी आहेत. यादीतले बाकीचे हजारो म्हणजे फळांची दुकानं, रस काढणारे, सुकामेवा विकणारे, बंद पडलेल्या फर्मा. त्यांना थॉमसनचा कंटेनर घेऊन करायचंय काय?

आता हा आयातदार आपल्याकडून नेमकं काय घेतो ते बघा. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये, साधारण १३ टन माल बसतो. तो न्हावा शेवाला बोटीवर चढला की तीन-चार आठवडे दार उघडत नाही. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, तेव्हा तर आणखी दोनेक आठवडे वाढले. तेवढा काळ आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. आणि त्याने मात्र सुपरमार्केटला अमुक आठवड्यात माल देतो असं कबूल केलेलं असतं. इकडे आपला माल बराचसा कन्साइनमेंटवर किंवा किमान हमी दरावर जातो, म्हणजे शेवटचा हिशोब तिकडे विक्री झाल्यावरच होतो. देठ वाळले, मणी गळले, राखाडी बुरशी आली, तर तो सर्व्हेचा, म्हणजे तिकडे माल तपासल्याचा, अहवाल आणि फोटो पाठवून पैसे कापतो. आपण म्हणतो जास्त कापले, तो म्हणतो मालच तसा होता. या धंद्यातली भांडणं सगळी इथली. त्यामुळे नवीन पुरवठादार घेताना त्याला एकच काळजी असते: काही बिघडलं तर हा माणूस मला वेळेवर खरं सांगेल का? त्या पाच आठवणींच्या मेलमधून याचं उत्तर मिळत नाही.

तुमच्या जुन्या सभासदांना २०१० चा हंगाम विचारा. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला आणि काडीत घड चांगला तयार व्हायला बागाईतदार ते वर्षानुवर्षं वापरत होते. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ, सगळे कागद खरे, आणि माल तिकडे अडकलेला. फार वाईट दिवस होते ते. बागाईतदार आमच्या दारात येऊन बसायचे आणि त्यांना सांगायला आमच्याकडे काही नसायचं.

त्या दिवसांत काही निर्यातदारांनी फोन घेणं बंद केलं. काहींनी उलट केलं. आयातदाराने मागायच्या आत प्लॉटवार फवारणीच्या वह्या पाठवल्या, कोणत्या बागेत सीसीसी मारलंय, कोणत्या बागेत नाही, कुठे नक्की सांगता येत नाही, सगळं लिहून. नुकसान दोघांचंही झालं, कुणाचेही पैसे वाचले नाहीत. पण पुढच्या हंगामाआधी तिकडून चौकशी कोणाकडे झाली हे मी या टेबलावर बसून पाहिलंय. मला ईमेलच्या यंत्राबद्दल काही वैर नाही. पण ती वही त्या यंत्राला लिहिता येत नाही, आणि खरेदी करणारा माणूस शेवटी ती वहीच मागतो.

अलीकडचीच एक गोष्ट. प्रीकूलिंग, म्हणजे कंटेनर भरण्याआधी माल थंड करणं, चालू असताना वीज गेली आणि जनरेटर वेळेवर चालू झाला नाही. चार पॅलेटचं मण्याच्या आतलं तापमान शून्य-एक अंशावर यायला हवं होतं, ते चाराच्या आसपास राहिलं. पुन्हा थंड करत बसलो तर बंदराची वेळ चुकणार होती. मालकांनी कंटेनर भरला, पण गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत आयातदाराला मेल लिहिली: या क्रमांकाचे चार पॅलेट, हे त्यांचं तापमान, वीज इतका वेळ नव्हती, हे पॅलेट दाराजवळ ठेवलेत, आधी काढा आणि लांबच्या दुकानांना देऊ नका. उत्तर एका ओळीचं आलं, 'कळलं, तसं करतो.' माल पोचला, त्याने ते चार पॅलेट लगेच जवळच्या घाऊक बाजारात विकले. त्यांचा दर कमी लागला, बाकी कंटेनरवर एक पैशाची कपात झाली नाही. पुढच्या वर्षी त्याच माणसाने आमच्याकडे ठरावीक आठवड्यांचा पक्का कार्यक्रम दिला. कुणी त्याला आमची जाहिरात पाठवली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर अजून एकही कंटेनर नाही, खरं सांगायला बिघडायला तरी काही हवं ना. पण तुम्ही समजता तेवढ्या नवीन नाही आहात. तुमच्या चाळीस जणांचे प्लॉट दर वर्षी ग्रेपनेटवर नोंदलेले आहेत. काढणीआधी प्रयोगशाळेच्या माणसाने नमुना नेलेला आहे. रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, अहवाल निर्यातदाराच्या ब्रँडवर निघत नाही, तो प्लॉटवर निघतो. मागच्या तीन-चार हंगामांचे प्लॉटवार अहवाल, फवारणीच्या वह्या, पॅकहाउसमध्ये किती माल बाजूला काढला त्याच्या नोंदी, एवढं गोळा करा. ज्या प्लॉटचा नमुना एखाद्या वर्षी नापास झाला असेल तोही काढू नका, त्यापुढे काय बदल केला ते लिहा. मला विचाराल तर तोच कागद त्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा.

ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं, प्रमाणपत्र असेल तर त्याचा जीजीएन क्रमांक मेलच्या पहिल्या ओळींत द्या. आयातदार तो त्यांच्या डेटाबेसमध्ये टाकून मिनिटभरात खातरजमा करतो. 'आम्ही दर्जेदार माल देतो' हे वाक्य त्याला तपासता येत नाही, म्हणून ते लिहूच नका. पॅकहाउसचा अपेडाचा मान्यता क्रमांक, प्लॉटचे नोंदणी क्रमांक, वाण, मण्याचा आकार १६ मिलिमीटर की १८ च्या वर, किती ब्रिक्सला (साखरेचं माप) काढणी करता, हे सगळं द्या. आणि वेळ आठवड्याच्या क्रमांकाने सांगा. तिकडचा खरेदीदार 'मार्चचा पहिला पंधरवडा' असं बोलत नाही, तो 'आठवडा १०' म्हणतो. तुमची काढणी कितव्या आठवड्यात, त्यात बोटीचे दिवस मिळवून माल कितव्या आठवड्यात उतरेल, हे तुम्हीच लिहून दिलंत तर या माणसाला धंदा कळतो हे त्याला न सांगता कळतं. दक्षिण आफ्रिकेचा माल ओसरत आला की आपली जागा तयार होते आणि मेमध्ये इजिप्त आलं की ती संपते. तुमचे आठवडे त्या जागेत कुठे बसतात ते त्यालाच दाखवा.

जे नाही तेही लिहा. पहिलंच वर्ष आहे, पॅकहाउस भाड्याचं आहे, दोनच कंटेनर देऊ शकतो. मोठेपणा दाखवायला दहा लिहिलेत आणि तिसऱ्यालाच माल कमी पडला, तर त्याची सुपरमार्केटकडे मान खाली जाते, आणि ते तो विसरत नाही.

अशी मेल दहा-बारा जणांना, प्रत्येकाला स्वतः लिहून. पहिल्या महिन्यात उत्तर येईलच असं नाही, तरी गळ घालू नका. गोडी छाटणी (फळासाठीची) झाली की तारखा कळवा. नोव्हेंबरात पाऊस झाला, केवडा (वेलीवरचा बुरशीचा रोग) आला, तर तो कोणत्या प्लॉटमध्ये आला ते कळवा. विरळणीनंतर घडाचा फोटो, मण्याला मापपट्टी लावून, तारीख आणि प्लॉट क्रमांकासह. प्रत्येक मेल चार ओळींची आणि प्रत्येकीत त्याला कामाचं काहीतरी. जानेवारीत नाशिकला बागा बघायला तिकडची माणसं येतात. तेव्हा वाट वाकडी करून तुमच्याकडे यावं असं त्याला या मेलमधूनच वाटतं. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका असतं, अपेडाचा तिथे भारताचा विभाग असतो. ऐन काढणीत सगळ्यांना जाता येणार नाही, पण तीस हजार गुणिले सहा वाचतायत, त्यात एका माणसाच्या खर्चाचा मोठा भाग निघेल. ज्याला बाग माहीत आहे असा माणूस पाठवा, नुसता इंग्रजी बोलणारा नको.

आणि यंत्राला काम द्यायचंच असेल तर हे द्या: कंटेनरमध्ये तापमानाचा डेटा लॉगर बसवा, त्याची नोंद आयातदाराला थेट दिसू द्या. तिथे माणसाने मध्ये हात न घातलेलाच बरा.

शेवटचं, विश्वास दोन्हीकडून बघा. ज्याला माल द्याल त्याची ईसीजीसीकडून, म्हणजे निर्यातीच्या पैशांचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडून, पत तपासून विमा घ्या. नेदरलँड्सच्या कंपनीचा तिकडच्या व्यापार मंडळाचा नोंदणी क्रमांक मागा. असं विचारल्याने चांगला आयातदार दुखावत नाही.

सटाण्याची_नेदरलँड्समध्ये

वरचं सगळं वाचलं. मी माहेरची बागलाणची, आमच्या घरी द्राक्षं होती, आणि आता बारेंद्रेख्तजवळ एका फळ आयात करणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. मेल ज्या बाजूला येऊन पडतात ती बाजू सांगते.

डिसेंबर लागला की आमच्या खरेदी विभागाच्या पेटीत भारतातून मेलचा लोंढा सुरू होतो. आधी सगळ्या सारख्या असायच्या: आम्ही कांदा, द्राक्षं, तांदूळ, नारळ, हळद सगळ्याचे आघाडीचे निर्यातदार. आता दोनेक वर्षांत भाषा फार गुळगुळीत झालीय. पहिल्या परिच्छेदात आमच्या कंपनीचं कौतुक असतं, वेबसाइटवरून उचललेलं. एकाने आमच्या 'दुकानांच्या साखळी'ची स्तुती केली होती. आमचं एकही दुकान नाही. खरेदीदार अशा मेल वाचत नाही, पाठवणाऱ्याचं डोमेन अडवून टाकतो. आणि एकदा अडवलं की नंतर तुम्ही मनापासून लिहिलेली मेलही त्याला दिसत नाही. मला आपल्या लोकांसाठी वाईट वाटतं, कारण त्यामागे एखादी खरोखर चांगली बाग असूही शकते.

आमच्याकडे नवीन पुरवठादार कसा येतो ते सांगते. बहुतेक वेळा बोटीच्या एजंटाकडून, सर्व्हे करणाऱ्याकडून किंवा दुसऱ्या पुरवठादाराकडून नाव कानावर येतं. मग आम्ही जीजीएन तपासतो. युरोपियन युनियनची आरएएसएफएफ नावाची सूचना यंत्रणा आहे, कोणत्या देशाच्या कोणत्या मालात काय सापडलं ते तिथे सगळ्यांना बघता येतं. तिथे काय आलंय त्यावरून भारतीय द्राक्षांसाठी त्या वर्षी कोणती रसायनं जास्त बारकाईने बघायची ते ठरवतो. मर्यादा युरोपची एक असली तरी बऱ्याच सुपरमार्केटची स्वतःची मर्यादा त्याहून कडक असते. काहीजण एका नमुन्यात एकूण किती रसायनं सापडली तर चालतील त्यावरही बंधन घालतात. ताई, हे तुम्ही आधीच विचारलंत तर फार फरक पडेल. 'आपल्या ग्राहकांच्या रेसिड्यूच्या अटी पाठवाल का, आमचे प्लॉट त्यात बसतात का ते आम्ही आधी बघू' अशी मेल मला इतक्या वर्षांत फार क्वचित दिसलीय. ती आली की खरेदीदार उठून माझ्या टेबलापाशी येतो.

पॅकहाउसवाल्या काकांनी तापमानाची जी गोष्ट सांगितली तशी मेल आली की आम्ही ती पुरवठादाराच्या फाइलमध्ये जपून ठेवतो. पुढच्या वर्षी कुणाला किती कंटेनर द्यायचे हे ठरवताना ती फाइल उघडली जाते.

फक्त एक जोडते. मेलला उत्तर वेळेत द्या. ऐन हंगामात सर्व्हेचा फोटो पाठवला आणि दोन दिवस काही आलं नाही तर इकडे फार अस्वस्थता येते. आमची सकाळ म्हणजे तुमची दुपार. त्या वेळी फोनपाशी एक जबाबदार माणूस असू द्या.

दिंडोरीची_द्राक्षं

काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नाही म्हणायचं हे माझ्यापुरतं ठरलं.

दोन शंका राहिल्या. आमच्या तरुण संचालकांना वरचं दाखवलं. ते म्हणतात, पाऊस झाला, केवडा आला हे आपणच कळवत बसलो तर तो दर पाडणार. दुसरं, जुने रेसिड्यूचे अहवाल आमच्या निर्यातदाराच्या ऑफिसात आहेत. मागायला गेलं की आम्ही स्वतः पाठवणार हे त्यांना कळणार. इतक्या वर्षांचे संबंध आहेत, अवघड वाटतं.

पॅकहाउस_पिंपळगाव

ताई, पहिल्याचं उत्तर: हो, कधीकधी पाडेल. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. काढणीच्या तोंडावर पावसाने मणी तडकले असं कळवलंत तर तो त्या प्लॉटचा माल नको म्हणेल. पण तो माल तसाही बोटीवर चढवायचा नसतो. एक तडकलेला मणी बंद पेटीत महिनाभर राहिला की शेजारच्या घडाला बुरशी लावतो, आणि मग कपात एका पेटीवर थांबत नाही. तो प्लॉट स्थानिक बाजाराला द्या किंवा बेदाणा करा. तरुण मंडळींना एक हिशोब मांडून दाखवा: इकडे एक प्लॉट सोडला तर किती जातात, आणि तिकडे अख्खा कंटेनर नाकारला तर बोटभाडं, तिथलं कोल्ड स्टोरेज, माल नष्ट करायचा खर्च धरून किती जातात. मी सांगण्यापेक्षा त्यांना आकड्यांवरून लवकर पटेल. तुमच्याकडे हिशोब आहेच, तुम्हीच करा.

नोव्हेंबरातल्या केवड्याची बातमी वेगळी. तेव्हा दर ठरलेलाच नसतो. त्या वेळी त्याला फक्त एवढं कळतं की यंदा किती प्लॉट उरतील. तो सगळ्यांकडून 'माल उत्तम आहे' ऐकत असतो आणि आकाशात काय चाललंय हे त्याला उपग्रहाच्या नकाशावर दिसत असतं. त्यात तुमचं एकट्याचं बोलणं नकाशाशी जुळलं तर काय होतं ते बघाच.

अहवालांचं म्हणाल तर प्लॉट बागाईतदाराचा, नमुना त्याच्या बागेतला, प्रत मागायला संकोच नको. ज्या प्रयोगशाळेने तपासणी केली तिथेही चौकशी करा. पण निर्यातदाराला चोरून काही करू नका. तुम्ही ज्या दहा जणांना लिहाल त्यातला कुणीतरी त्यांना फोन करून विचारणारच, 'दिंडोरीची ही माणसं कशी आहेत?' तिकडे ही पद्धतच आहे. त्यांच्या तोंडून तेव्हा काय निघेल ते तुमच्या कुठल्याही मेलपेक्षा जड आहे. म्हणून आधी जाऊन स्पष्ट सांगा: यंदा दोन कंटेनर आम्ही पाठवतोय, बाकीचा माल ठरल्याप्रमाणे तुम्हालाच, आणि तुमच्या आयातदारांना आम्ही लिहिणार नाही. हे शेवटचं वाक्य पाळायचंही. त्यांचे ग्राहक यादीतून वगळा, त्याने नावं कमी झाली तरी चालतील.

छाटणीच्या गडबडीआधी, याच महिन्यात जा. संचालक म्हणून कुणी जायचं ते तुम्ही ठरवा, पण जे सभासद त्यांना सगळ्यात जास्त वर्षं माल देतायत त्यांतले दोघे बरोबर असू द्या, आणि बोलायला सुरुवात त्यांनाच करू द्या.